विहाराचं छत

“पारावर भरवू शाळा,” बलभीम म्हणाला. “छप्पर न्हाय तर न्हाय. तिथं पोरं येत्याल, आबाराव.”

आबाराव विहाराच्या पायरीवर बसले होते. आत शिवकुमार सर अकरा पोरांना भागाकार शिकवत होते. पटावर पोरं होती सव्वीस.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन्ही खोल्या धोकादायक ठरून तीन वर्षं झाली होती. अर्ज गेले, फोटो गेले. पैसा काही आला नाही आणि यंदा जूनमध्ये एक भिंत बसली. तेव्हा हाच बलभीम, शाळा समितीचा अध्यक्ष, आबारावांकडे आला होता. “तुमच्या वस्तीतला विहार मोठा हाय. नव्या खोल्या होईस्तोवर द्या,” म्हणाला. आबारावांना आभाळ ठेंगणं झालं. गाव आपल्या तोंडानं बुद्धविहाराची जागा मागतंय, असं त्यांच्या उभ्या हयातीत घडलं नव्हतं. विहारावर वस्तीनं वर्गणी काढून स्लॅब टाकलेला. दोन पावसाळ्यांत त्यातून थेंब खाली आला नव्हता.

पहिल्या आठवड्यात सव्वीसच्या सव्वीस पोरं आली. मग गावातली एकेक कमी होऊ लागली. कुणाची आई म्हणाली, वाटेत चिखल आहे. आबारावांनी ट्रॉलीभर मुरूम टाकून घेतला. कुणी म्हणालं, बाभळीत साप निघतात. त्यांनी बाभळी तोडून काटेरी फांद्या बांधापलीकडे टाकल्या. पाण्याची अडचण आहे म्हटल्यावर दारात टाकी आणून बसवली. माणूस हुशार, पण भोळा. दुखणं एकच होतं आणि हे रोज नवं औषध घेऊन धावत होते. बलभीमची नात अर्पिता तर सगळ्यांत आधी यायची थांबली. तिच्या शेजारी बसणारी श्रावस्ती, आबारावांची नात, अजून रोज तिच्या जागेवर दप्तर ठेवून जागा धरायची.

“सूनबाईला लई सांगितलं म्या,” बलभीम खाली बघत म्हणाला. “ती ऐकतच न्हाय. बायामाणसाच्या डोक्यात काय असतंय, तुमाला ठावं हाय.”

आबारावांनी ते खरं धरलं. विहारापासून शंभर पावलांवर, गावाबाहेर मारुतीचा पार होता. देवळी एवढीशी, एक पुजारी कसाबसा मावेल अशी. बाकी सगळं उघडं. तिथं पाणी नव्हतं, वाट तीच होती आणि साप तर पारावरच्या झाडाच्या ढोलीतच राहत. तरी तिथं पोरं येणार होती. साठ वर्षांपूर्वी याच शाळेत आबारावांनी आणि बलभीमनं एका पाटीवर अक्षरं गिरवली होती.

बलभीमनं खिशातून पत्र काढलं. दोन खोल्यांना मंजुरी आली होती. पण सोमवारी साहेब येऊन पोरं मोजणार होते. हजर पोरं वीस भरली तर खोल्या, नाहीतर पैसा माघारी आणि शाळा बंद. पुढची शाळा हमरस्त्यानं सहा किलोमीटरवर. ज्यांना गाडीचं भाडं परवडेल ते जातील. वस्तीतल्या अकरा पोरांनी काय करायचं? नऊ वर्षांच्या श्रावस्तीनं काय करायचं?

“पर साहेब इचारंल,” बलभीम म्हणाला. “चांगला स्लॅबचा विहार सोडून पोरं उघड्यावर का बसवली, म्हणून. काय सांगावं त्याला?”

आत पोरं पाढे म्हणत होती.

“छत गळतंय म्हणून सांगा,” ते म्हणाले. “म्या बी तेच सांगतो.”

घरी मथुराबाईंनी नवऱ्याला फाडून खाल्लं. “पै पै जमवून बांधलेल्या विहाराला आपल्याच तोंडानं नाव ठिवायचं?”

“पोरीला शाळा पायजे का न्हाय?” आबाराव म्हणाले. मथुराबाईंनी श्रावस्तीचं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं.

रविवारी आबारावांनी सतरंज्या गुंडाळल्या. बुद्धमूर्तीसमोरच्या फरशीवर, बरोबर मधोमध, एक घमेलं ठेवलं. साहेब डोकावलेच तर त्यांना दिसावं. ते ठेवताना मूर्तीकडे मात्र त्यांना बघवलं नाही.

सोमवारी पारावर सव्वीस पोरं बसली. अर्पिताही आली आणि श्रावस्तीला चिकटून बसली. साहेबांनी विहारात डोकावून घमेलं बघितलं, मान हलवली. मग पारावर जाऊन डोकी मोजली आणि सही केली. खोल्या पक्क्या झाल्या. बलभीमनं साहेबांना शाल घातली.

साहेबांची गाडी गेली आणि तासाभरात भादव्यातला पाऊस धो धो कोसळू लागला. आबाराव छत्री घेऊन नातीला आणायला निघाले, ते विहारापाशी थबकले. कुलूप काढून आत गेले. स्लॅबवर पाऊस ताशासारखा वाजत होता. त्यांनी वाकून घमेल्यात हात फिरवला. कोरडं होतं.

तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी विहाराची दोन्ही दारं सताड उघडली आणि पाराकडे बघून हात केला. पोरंच ती. पाऊस चुकवायला सगळी एकदम विहाराकडे पळत सुटली. पारावरच्या मोठ्या माणसांनी हाका मारल्या तरी थांबली नाहीत. आबाराव दारात उभे राहून मोजत होते. पंचवीस आत आली.

श्रावस्ती दाराच्या आतच उभी राहून मागे बघत होती. पारापाशी अर्पिता तेवढी भिजत होती. शेताकडून पळत येणारी तिची आई, बलभीमची सून, लांबूनच ओरडत होती, “अगं भिजतीस कशाला? पळ की विहारात!”

अर्पिताला पळायचंच होतं. पण तिचं मनगट बलभीमनं घट्ट धरून ठेवलं होतं.