चारचा चहा

"पंखाच खराब असणार बघ. रोज चारला मी चहा घेऊन समोर बसले रे बसले, की हे हँग होतात," कुमुदिनीकाकू म्हणाल्या. सबनीसकाका जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं मन तेवढं टेबलावरच्या या कॉम्प्युटरमध्ये चालू होतं, आणि आत्ताही त्यांचा चेहरा पडद्यावर अर्धवट हसत थिजला होता.

दुरुस्तीला आलेल्या हेमांगीने पंखा तपासला. तो ठणठणीत होता. मग तिने मशीनच्या नोंदी उघडल्या. रोज चारला काकांची एकच विनंती होती: ‘मला कायमचं बंद करा.’ त्याला पत्नीची परवानगी लागत होती. तिची वाट बघत मशीन अर्धा तास अडकायचं, मग विनंती रद्द करून काकांना पुन्हा जागं करायचं.

पण परवानगीचा प्रश्न काकूंना दिसत कसा नव्हता? हेमांगी मागे जात जात पहिल्या विनंतीपाशी पोचली. तिच्याखाली काकूंचं उत्तर होतं: ‘नाही. पुन्हा विचारू नका.’

हेमांगीने मान वर केली. काकू शांतपणे चष्मा पुसत होत्या.

"वाचलंस ना?" त्या म्हणाल्या. "आता तेवढं हँग होणं काढून टाक. रोज चहा गार होतो माझा."