सहा वेळा होय

पंजाबरावांनी सिलेंडरच्या काट्यावरचं कुंकू अंगठ्याने पुसलं. काटा लाल पट्ट्यात पडून होता. म्हणजे सिलेंडर रिकामा.

"काका, पूजेचं कुंकू कावून पुसून राहिले?" मागून मॅनेजर नरेश म्हणाला.

विश्वकर्मा पूजेला आठवडा झाला होता. कोहक्यातल्या, मांडव-गाद्या भाड्याने देणाऱ्या त्या टेंट हाउसच्या गोडाऊनमध्ये त्या दिवशी जनरेटरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं. आग विझवायचे चार सिलेंडरही त्यातून सुटले नव्हते. चारींच्या दांड्याला पूजेचा लाल-पिवळा धागा गुंडाळला होता, तोही नेमका पिनेवरून, चांगले सात वेढे देऊन. आग लागली तर आधी गाठ सोडायची, मग पिन ओढायची आणि मग कळायचं की आत काहीच नाही. भक्ती म्हणजे एवढी पक्की असावी.

पंजाबराव स्टील प्लँटच्या फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले. शेठने त्यांना इथे 'सेफ्टी'साठी ठेवलं होतं. म्हणजे कशासाठी, ते आज नरेशने कागद पुढे केल्यावर त्यांना कळलं. कागदावर सहा प्रश्न होते. सिलेंडर भरलेले आहेत काय? वायरिंग ठीक आहे काय? मागचं दार मोकळं आहे काय? असे सहा. सहाही प्रश्नांपुढे 'होय' टाइप करूनच आणलं होतं. खाली सहीची जागा तेवढी कोरी होती.

"मागचं दार दाखव मले," पंजाबराव म्हणाले.

नरेश नुसता हसला. दार गाद्यांच्या थप्पीमागे होतं आणि थप्पी छताला टेकली होती. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली की गाद्या बाहेर जायच्या. दार दिसायचं ते तेव्हाच.

"आन् ते?" पंजाबरावांनी वर बोट केलं.

वर लाकडी माळा होता. तिथे पाच बायका मांडवाचे फाटके पडदे मशीनवर शिवत बसल्या होत्या. त्यांतली तारा शिवून झालेल्या पडद्यांवर इस्त्री फिरवत होती. इस्त्रीची वायर तीन ठिकाणी काळ्या टेपने जोडलेली, थर्माकोलच्या खांबांवरून लोंबत खाली विजेच्या बोर्डापर्यंत आलेली. उतरायला एकच शिडी. त्या पाचांत पंजाबरावांची बायको तुळसाबाईही होती.

"वायर बदल, गाद्या हलव, सिलेंडर भरून आण," पंजाबराव म्हणाले. "परवा सही देतो. लय जळालेली माणसं उचलली मी, नरेश. हाताचा वास जात नाही बावा, कितीबी धुवा."

"परवा नाही, आज पाचच्या आत कागद फायर हापिसात गेला पाहिजे. नाही गेला तो ताला लग जाएगा, काका." नरेशने मान वर केली आणि आवाज चढवला. "मंग ह्या बायका घरी बसतीन. सीझन के टाइम पे. तुमीच सांगा त्यायले."

मशीन थांबल्या. तारा इस्त्री हातात घेऊनच कठड्यावरून वाकली.

"करून टाका ना जी सही, भाऊजी! दिवाळीच्या तोंडावर आमचं काम कावून बंद करून राहिले? इतके वर्स झाले, कधी काही झालं काय?"

"नाही तं काय," बाकीच्या तिघी म्हणाल्या.  तुळसाबाई सुईत दोरा ओवत होती.

पंजाबरावांनी सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख, सवयीने अक्षर सुवाच्य. नरेशने कागद पिशवीत टाकला, मोटारसायकलला किक मारली आणि तो सुपेल्याच्या बाजूने निघून गेला. वर मशीन पुन्हा सुरू झाल्या.

पंजाबरावांनी वर माळ्याकडे पाहिलं. मग शिडीशी गेले.

"अवं, खाली ये," ते हळूच म्हणाले. "उद्यापासून वर नको बसू. गाद्या हलेस्तोवर घरीच राय."

टिनाच्या शेडमध्ये हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं. पुन्हा मशीन थांबल्या. ताराने इस्त्री उभी ठेवली आणि वायरवरचं बटण बंद केलं.

"आन् आमी, भाऊजी?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

पंजाबरावांना इतकी लाज वाटली की मान वर करवेना. शिडीचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

तुळसाबाई उठून कठड्याशी आली. एक पाय तिने शिडीवर ठेवला. मग वळून ताराकडे पाहिलं, बाकीच्या तिघींकडे पाहिलं आणि शेवटी खाली नवऱ्याकडे.

"मागचं दार खुल्लं हाय, असं लिहून देलं ना तुमी?"

पंजाबरावांची नजर गाद्यांच्या थप्पीकडे गेली.

"मंग मी कावून उतरू?"

तिने पाय वर घेतला. जागेवर जाऊन बसली आणि अर्धा शिवलेला पडदा मांडीवर ओढला.

"तारे," ती म्हणाली, "इस्त्री लाव."

खाली, पंजाबरावांच्या कानाशी, बोर्ड चुरचुरला.