बदलीची बाई

दार मीरानेच उघडलं. अंगात निळा एप्रन, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर क्लासमध्ये शिकवलेलं हसू. "नमस्कार सर, आत या," ती म्हणाली आणि परेश खूश झाला.

खूश व्हायलाच आला होता तो. वसुंधराताईंची संस्था मुंबईच्या ज्या ट्रस्टच्या मदतीवर चालत होती, त्या ट्रस्टचा हा माणूस. मदत पुढे चालू ठेवायची की नाही, ते आजच्या भेटीवर ठरणार होतं. संस्थेत शिकलेली एक तरी बाई प्रत्यक्ष कामावर बघायची, एवढीच त्याची अट. संस्थेच्या ऑफिसातल्या ऋतिकाने एव्हरशाईन सिटी या वसाहतीतला हा फ्लॅट निवडून दिला. ताई कुणाचं घर, काय, काहीही न विचारता परेशला घेऊन जिना चढल्या होत्या.

परेश वाईट नव्हता हो. चाळीत वाढलेला, कॉम्प्युटरच्या एका क्लासने आयुष्य मार्गी लागलेला. माणसाच्या हातात कला द्या, बाकीचं तो बघून घेतो, हे त्याचं ठाम मत. स्वतःच त्याचा पुरावा असल्यावर त्याच्याशी वाद कोण घालणार?

ताईंचं काम आधी अगदी वेगळं होतं. निर्मळ गावाहून स्कूटरवर आचोळ्याच्या वस्तीत यायच्या, घरकाम करणाऱ्या बायकांना संध्याकाळी गोळा करायच्या. शिकवायच्या काहीच नाहीत. बायकांनी मिळून एक गोष्ट मात्र ठरवली होती. सुट्टी मागितली म्हणून कुणाला कामावरून काढलं, तर त्या घरी बदलीला दुसरीने जायचं नाही. मग ओट्यावर भांडी साचायची, मॅडमना ऑफिसला उशीर व्हायचा आणि आठवड्याभरात त्याच बाईला परत ये म्हणून निरोप यायचा. कितीतरी बिल्डिंगांत रविवारची पगारी सुट्टी अशीच मिळाली. ना मोर्चा, ना घोषणा.

ट्रस्टच्या गळी हे काही उतरेना. "यात भांडण आहे, ताई," परेश तेव्हा म्हणाला होता. "आणि बाई होती तिथेच राहते. तिला पुढे न्या ना." ताई पदरमोड करून थकल्या होत्या. दिवसा ट्रस्टचे क्लास घेऊ, संध्याकाळी आपलं काम चालू ठेवू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मायक्रोवेव्ह कसा लावायचा, मॅडमशी कसं बोलायचं, वेळेवर कसं पोचायचं, सगळं शिकवणं सुरू झालं, आणि क्लास केलेल्या बायकांना ऑफिसच घरोघरी कामाला लावू लागलं. संध्याकाळच्या बैठका आधी महिन्यावर गेल्या, मग त्यांची आठवणही कुणी काढेनासं झालं.

मॅडम लॅपटॉप मिटून बाहेर आल्या. मोठ्या हौसेने बोलायला लागल्या.

"बायकांना फार छान तयार करता तुम्ही. आमच्याकडे आधी सालोमी होती. हाताला चव होती तिच्या, नाही कशाला म्हणू? पण रविवारची सुट्टी हवी म्हणून हटून बसली. अहो, मला तरी रविवारशिवाय घराकडे बघायला वेळ कधी मिळतो? म्हटलं, मग कायमचीच घे सुट्टी. लगेच तुमच्या ऑफिसला फोन केला, तर दुसऱ्या दिवशी ही हजर!"

"दुसऱ्याच दिवशी!" परेशने कौतुकाने ताईंकडे पाहिलं.

ताईंच्या हातातला चहा तसाच राहिला. सालोमी. नगरकडून आचोळ्यात आलेली, एका खोलीत तीन मुलं वाढवणारी. बदलीला जायचं नाही, हे भर बैठकीत सगळ्यांच्या आधी तीच बोलली होती. तिचं काम गेलं, आणि ते आपल्याला परक्याच्या सोफ्यावर बसून कळावं? ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लाजेचा राग झाला आणि तो राग सरळ मीराकडे वळला.

मीरा कप घेऊन आत गेली, तशा ताई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या.

"सालोमी तुझ्या शेजारी राहते ना गं? तिच्या जागेवर आलीस? काही वाटलं नाही तुला?"

मीराने नळ बंद केला. "मी पहिलं नाहीच बोलले होते, ताई. ऋतिकाचा फोन आला, तशी सालोमीच्या घरी गेले. तीच बोलली, जा म्हणून."

"सालोमी बोलली?"

"हां. बोलली, आपल्यातलं कोण जायचं नाही, म्हणून मॅडम लोक नमायचे. आता ताईंचं ऑफिसच बाई पाठवतं. तू नाही गेलीस तर दुसरी जाईल. मग तूच जा."

मीरावर काढलेला राग आता कुठे न्यावा, ते ताईंना कळेना. तेवढ्यात बाहेरून परेशचा आनंदी आवाज आला, "ताई, माझ्याकडून पुढचं पक्कं समजा! असं काम मी दुसरीकडे पाहिलं नाही." दिवसभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते मिळालं होतं. ताईंनी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

"मी आजच सालोमीकडे येते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तिला सांग, पहिल्यासारखी बैठक लावू. सगळ्यांना बोलव."

"ती नाही यायची, ताई. सोमवारपासून आपल्याच क्लासला बसणार आहे ती."

"सालोमी? क्लासला? वीस वर्षं घरं सांभाळली तिने. तिला काय शिकायचं राहिलंय?"

मीराने धुतलेला कप पालथा घातला.

"शिकायला कुठं, ताई. कोणतरी सुट्टी मागेल, तिला काढतील, मग तिच्या जागेवर तुम्ही सालोमीला पाठवाल, म्हणून."