खोल खाचांचे टायर

खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी सहदेव मिस्त्रीचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. एका शनिवारी मुंबईचे एक बॅरिस्टर साहेब आपली दोन माणसांची उघडी मोटर घेऊन तिथं थांबले. दर आठवड्याला ते हौसेनं पुण्यापर्यंत मोटर पळवायचे.

"टायर पार गुळगुळीत झालेत," साहेब म्हणाले. "गेल्या महिन्यात चौक गावाजवळ एक म्हातारी आडवी आली. ब्रेक दाबला, तरी गाडी घसरत गेलीच. बिचारी जागीच गेली."

सहदेवनं मान वर केली नाही. त्यानं दोन तऱ्हेचे टायर पुढं मांडले. साहेबांना उथळ नक्षीचे आवडले. ते हलके होते, गाडी वाऱ्यासारखी पळाली असती.

"ते नको, सायेब. ह्ये खोल खाचांचे घ्या. वल्या रस्त्याला बी धरून ऱ्हातात."

साहेबांनी ऐकलं. सहदेवनं चारी चाकं बसवली आणि एकेक नट दोनदा आवळला. मोटर घाटाकडं निघून गेली, तेव्हा आतल्या दारात उभी असलेली त्याची बायको सोनाबाई म्हणाली, "अवं, यानंच तुमच्या आईला चिरडलं ना? आन् तुमी त्याला चांगले टायर निवडून दिलेत?"

सहदेव हातांची काजळी पुसत म्हणाला,

"गाडी तर तो पळवणारच गं. रस्त्यानं अजून कुणाकुणाच्या आया चालत्यात."