तिसऱ्यांदा लागलेला लाल दिवा

“आमच्या वेळची मशिनं अशी रुसत नव्हती,” सासरे माझ्या कानाशी वाकून पुटपुटले. म्हणजे त्यांच्या मते पुटपुटले. मंगल कार्यालयाच्या शेवटच्या रांगेनंही ते ऐकलं.

अँप्लिफायर महिन्याभरात तिसऱ्यांदा बंद पडून लाल दिवा दाखवत होता. फार तापला की तो स्वतःच आवाज तोडतो, म्हणजे आतलं काही जळत नाही. तो का तापतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामंजी सनईच्या रेकॉर्डचा आवाज शेवटपर्यंत चढवायचे. तरी मी एकदा पंखा बदलला, एकदा धूळ झाडली, आणि नवऱ्यानं व्होल्टेजला शिव्या घातल्या. चाळीस वर्षं साउंड चालवणाऱ्या माणसाला सांगणार कोण?

“ती प्रोटेक्शनची भानगडच काढून टाक गं,” मामंजी म्हणाले. “सरळ तार जोड. मुहूर्ताला दहाच मिनिटं आहेत.”

तार जोडली असती तर आजची मंगलाष्टकं निभावली असती, आणि पुढे कधीतरी मशीन स्पीकरसकट जळालं असतं. समोर आवाज बंद पडला तरी एका आजीनं कानांवरचे हात अजून काढले नव्हते. मी पक्कड खाली ठेवली.

“ते जरा थंड होऊ द्या. आज आवाज मी लावते, तुम्ही शेजारी बसा.”

“का? मला येत नाही?”

नवरा एकदम वायर गुंडाळायला लागला. मी मामंजींचा हात हातात घेतला.

“तुमच्याइतकं कोणालाच येत नाही, मामंजी. मशीनही चांगलं आहे. तुम्हाला कमी ऐकू येतंय.”