नुरगालीची रेघ

बेलाया नदीचं पाणी बांधाच्या काठाला वीतभर कमी असताना थांबलं. नुरगाली बाबायनं, वस्तीच्या या आजोबानं, काठी पाण्यात बुडवली, ओल पाहिली, थोड्या वेळानं पुन्हा बुडवली. ओल तिथंच होती.

"थांबलं," तो म्हणाला.

बांधावर जमलेली सगळी खालची वस्ती मटकन खाली बसली. माळ्यावर चढवलेल्या गाद्या, कोंबड्या, शिवणयंत्रं आता उतरवायची होती. उफा शहर वर टेकडीवर कोरडं असतं. नदी चिडली की भोगायचं खालच्या वस्तीनंच.

हा बांध नुरगालीच्या चुकीतून उभा राहिला, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. थोरल्या पुराच्या वर्षी एका साहेबानं त्याच्या हाती लाल रंगाचा डबा दिला आणि सांगितलं, पाणी कुठवर चढलंय त्याची खूण बेकरीच्या भिंतीवर कर. नुरगाली हाडाचा नावाडी. नावाड्याची जमीन म्हणजे नावेची फळी. त्यानं म्हणे पाण्याच्या पातळीवर नाही, तर नावेत उभ्याउभ्या, आपल्या छातीच्या उंचीवर रेघ ओढून दिली. पाणी ओसरलं आणि त्याच उंचीचा बांध घातला गेला.

तेव्हापासून वस्तीला हसायला निमित्त मिळालं. कुणी माशाची लांबी वाढवून सांगितली की लोक विचारत, "नुरगालीच्या नावेत उभा राहून मोजलास का रे?" सगळ्यांत जास्त छळायची ती बेकरीवाली ग्लाफिरा. थोरल्या पुरात त्यानंच तिला उचलून नावेत घेतलं होतं, पण तेव्हा ती एवढीशी होती. तिला आठवायची ती फक्त त्याची ओली टोपी.

"बाबाय, पाव खरा देऊ की तुमच्या मापाचा?"

"माझ्या मापाचा दे. उद्याही पुरेल," तो म्हणायचा.

आज ग्लाफिरा कोबी भरलेला गरम पिरोग शालीआड झाकून बांधावर आली. तो त्याच्या मांडीवर ठेवताना तिचे डोळे भरून आले.

"बाबाय, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. तुम्ही चुकलात म्हणून आज आमची घरं उभी आहेत. आणि मी मेली जन्मभर तुम्हाला हसले."

नुरगालीनं पिरोग मोडून अर्धा तिच्या हातात दिला.

"अगं ग्लाशा, पाणी कुठवर आलंय ते कळत नाही असा नावाडी असतो का?"

"मग रेघ एवढी वर कशी गेली?"

"बेकरीच्या खिडकीत उभी होतीस तू, आईला हाका मारत. तुला नावेत घेतलं आणि मग डबा उघडला." म्हातारा बेकरीच्या भिंतीकडे बघत होता. "पाणी तुझ्या गुडघ्याला लागलं होतं, पोरी. रेघ मी तुझ्या डोक्याच्या वर ओढली."