कर्त्याचा घास

वडील दारूत सगळं उडवतात, असं मी विद्यापीठाच्या अर्जात लिहिलं होतं. बाबांना ते ठाऊक नव्हतं. शिष्यवृत्तीच्या चौकशीला नैरोबीहून साहेब येणार म्हणून त्यांनी शेजाऱ्याचा कोट चढवला आणि उरलेली एकच कोंबडी कापली. आम्हा मारागोली जमातीत कोंबडीचा पोटा घरच्या कर्त्याचा, बायकांनी त्याला शिवायचंही नाही. बाबांनी तो साहेबांना वाढला. "सासऱ्यालाही दिला नव्हता." साहेब हसले, माझ्याकडे वळले. "कगेहा, तू तर लिहिलंस, वडील पितात. इथं तसं दिसत नाही." मी उगालीच्या, मक्याच्या पिठाच्या गोळ्यात बोटं खुपसून मान खाली घातली. बाबांनी कोट उतरवून दोन्ही हात पुढे धरले. ते थरथरत होते. "पोरीनं खरं लिहिलंय. कालपासून घेतली नाही, म्हणून हे." साहेबांनी पोटा बाबांच्या ताटात ठेवला. बाबांनी तो माझ्या ताटात वाढला. "खा. मान खाली मी घालायची."